पुढची सीट

कुठलीही गाडी आली की तो आधी सायलेन्सरपाशी उकिडवा बसायचा, धुराला नाक लावायचा आणि बाजूला थुंकायचा. "घान केली रं गाडीची," असं मालकाकडे न बघता म्हणायचा. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधला असा एखादा मेकॅनिक तुम्हीही पाहिला असेल. आमचा कुंभिवलीला होता.

अंगाला ग्रीस आणि घामाचा वास. चहात पडलेली माशी काळ्या बोटानं काढायचा आणि तोच चहा प्यायचा. मला त्याची किळस यायची, खोटं कशाला बोलू. स्कॅनर त्याच्याकडेही होता, पण म्हणायचा, "मशीन सांगतं कुठं दुखतंय. का दुखतंय ते नाकाला इचारायचं."

मी पळसदरी, भिसेगावातून सात बायकांना व्हॅनमधून खालापूरकडच्या एका कारखान्यात पोचवतो. मागच्या थंडीत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. डोळ्यांत खुपायला लागला, तेव्हा मी त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवला. गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, तेव्हा मात्र जीव तुटला. असा मी.

त्या बायकांतल्या एका पोरीला दिवस गेले होते. गाडीत बसली की दहा मिनिटांत उलटी. बाकीच्या हसायच्या, आवळासुपारी द्यायच्या, मुलगा की मुलगी यावर वाद घालायच्या. मागं फार हादरे बसतात म्हणून मीच तिला माझ्या शेजारी पुढं बसवलं. थंडीमुळं काचा बंद. माझंही डोकं चढायचं, पण ते मी जागरणावर ढकलायचो. पोरीवर केवढे उपकार करतोय असं वाटायचं मला.

शेवटी पेट्रोलपायी गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं नखानं गणपती सोलला, कपाळाला लावून खिशात ठेवला. "याला कशाला रं तुझ्या पापात घेतलंस?" मग स्कॅनर लावला. मशीन म्हणत होतं, इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. धुराला तर पेट्रोलचाच वास. त्याला ते पटेना. त्यानं ओला फडका सायलेन्सरच्या तोंडात दाबला, मला गाडी चालू करायला लावली आणि शेजारची पुढची सीट उचलली. खाली इंजिन, आणि तिथून फुसफुस ऐकू आली. धुराच्या पाइपला, धूर तपासणाऱ्या सेन्सरच्या अलीकडेच, चीर गेली होती. चिरेतून बाहेरची हवा शिरायची, सेन्सर फसायचा आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओढायचं. त्याच चिरेतून धूर वर गाडीत यायचा.

"हितं कोन बसतं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. पोटुशी आहे, मळमळतं म्हणून पुढं बसवतो, हेही सांगितलं.

तो थुंकला नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, बॉनेटखाली मेलेली घूस सापडावी तसं. मग म्हणाला, "पाइप मी बदलतो. तिला तू सांगायचं. डाक्टरला दाखवू दे."

मी नाही सांगितलं. दोन दिवसांत तिच्या उलट्या थांबल्या. चौथा लागला की थांबतातच, असं बायका म्हणाल्या आणि मी मान डोलावली. माझं काम जाईल अशी भीती मी मनाला सांगत राहिलो. खरं तर लाज होती.

पुढं गाडी नेली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सांगितलंस?" मी इकडंतिकडं बघायचो. तो थुंकायचा.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. मला वाटलं, सुटलो. पोरगी पेढे घेऊन आली. "दादा, तुमी पुढं बसवलंत म्हणून निभावलं." त्यातले दोन पेढे मी त्याच्याकडे नेले. त्यानं हात पुढं केला नाही.

"सांगितलंस?"

"नाय."

"मग तूच खा."

खाल्ले. तिथंच, त्याच्यासमोर, दोन्ही.

तो गेला त्याला आता काही महिने झाले. शेडमध्ये कुणीतरी जुने टायर विकतो. मला विचारणारं कुणी उरलं नाही.

ती पुन्हा कामावर येते. भिसेगावच्या नाक्यावर बाकीच्या बायका पुढचं दार तिच्यासाठी सोडतात, आणि ती हसत बसते. कुंभिवली आली की मी काच खाली करून थुंकतो.

"काय झालं, दादा?" ती विचारते.

"काय नाय," मी म्हणतो.