पारूमामीकडच्या चाब्या

पारूमामी गेल्या, तेव्हा आमच्या गल्लीत नळ सुरू होता. सकाळचे दहा वाजले असतील. आठ-दहा दिवसांनी आलेलं पाणी, त्यामुळे कोणी पाइप ओढतंय, कोणी ड्रम घासतंय, सगळ्यांची आरडाओरड... आणि समोरची रेखा मामींच्या दारातून ओरडली, "काकू, या व लवकर! मामी उठूनच नाही राह्यल्या!" मी हातातला पाइप अंगणात टाकून धावले. सगळ्याच धावल्या. तासाभरानं कोणाच्या तरी ध्यानात आलं, की घराघरातले नळ तसेच चालू आहेत. पाणी नालीनं पार मारुतीच्या देवळापर्यंत गेलं होतं. पस्तीस वर्षं मी या गल्लीत आहे, पण इथलं पाणी असं वाहून गेलेलं कधी पाहिलं नव्हतं. मामी असत्या तर एकेकीला फैलावर घेतलं असतं... असो. दीड महिना झाला त्याला.

आमचं गाव तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही. चिखलीहून जीपमध्ये बसलं, की अमडापूर ओलांडल्यावर कंडक्टर नसतोच, ड्रायव्हर स्वतः गावाचं नाव ओरडतो, तेव्हा उतरायचं. वेशीवरच्या पाटीवर आता 'शहर' असं लिहिलंय. शहर म्हणजे दोन बँका, एक स्टँड आणि मोबाइलची तीन दुकानं. दोन्ही अंगांनी बोडके डोंगर, मधल्या खोऱ्यात काळ्या मातीचा पट्टा, त्यात सोयाबीन, तूर, कपाशी. ज्याची विहीर साथ देते त्याचं कांद्याचं बियाणं. होळी झाली की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझी पुण्याची भाची म्हणाली, "मावशी, हे तर वाळवंट आहे." म्हटलं, "बाई, वाळवंटात उंट असतात. आमच्याकडे माणसं आहेत, आणि ती उंटापेक्षा जास्त पाणी साठवतात." खोटं नाही सांगत. सोयरीक जुळवताना आमच्याकडे वावर किती, हे विचारतात, आणि चहा पिऊन झाल्यावर मुलीची आई हळूच मोरीकडे जाऊन टाकी केवढी आहे ते बघून येते.

तर या गावाची खरी अडचण अशी, की नळ कोणत्या दिवशी येणार हे साधारण कळतं, कोणत्या वेळी येणार हे देवालाही कळत नाही. आणि गल्लीतली निम्मी घरं सकाळी नऊलाच कुलूप लावून वावरात. मग पाणी कोणी भरायचं? पारूमामींनी. मामा लवकर गेले, जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेली, एकुलती लेक मंगला खामगावला दिलेली. बाई घरीच. म्हणून कोणे एके काळी शेजारणीनं सहज किल्ली दिली, मग दुसरीनं, करता करता सगळ्या गल्लीच्या चाब्या मामींच्या भिंतीतल्या देवळीत जाऊन बसल्या. मामींना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चाबीला त्या त्या घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. नळाला पहिला 'खर्र' आवाज आला, की मामी पदर खोचून निघायच्या. सात घरं, सात कुलपं. इकडचा ड्रम भरेपर्यंत तिकडचा पाइप लावायचा. वर घराची झडतीही घ्यायच्या बरं का! संध्याकाळी दारात उभ्या राहून सुनवायच्या, "काऊन व कमळे, दुधाचं पातेलं उघडंच टाकून गेली? मांजराले जेवाले बोलावलं होतं का?" माझं नाव कमल, पण मामींनी कमळीच केलं. मला राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी पातेलं झाकून जायचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेरणी तोंडावर आलेली. रेखानं घरचं सोयाबीन बियाण्यासाठी निवडून, चाळून, पोत्यांत भरून पुढच्या खोलीत ठेवलं होतं. त्या दिवशी नळ आला, मामींनी रेखाच्या घरात पाइप सोडला आणि पुढच्या घरी गेल्या... आणि विसरल्या. वय झालं होतं हो. रेखा वावरातून आली तर घरात घोट्याएवढं पाणी, आणि पोती खालून चिंब. तिच्या नवऱ्यानं आवाज चढवला नाही, तेच मामींना जास्त लागलं. पारूमामींनी ते सोयाबीन स्वतःच्या गच्चीवर वाळवलं. मग उगवण पाहायला आपल्याकडे करतात तसे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी ती गुंडाळी रेखाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उलगडली. कोंब मोजले, बावीस. म्हणाल्या, "पाह्य व माय. माह्या हातानं गेलं." आणि रेखाची चाबी तिच्या पुढ्यात ठेवून घरी गेल्या.

त्यानंतर एकेकीनं काही ना काही सांगून आपली चाबी परत नेली. कोणाचं कुलूप बदललं, कोणाची सून आता घरी राहणार होती. आणि मी? मी तर मैत्रीण ना त्यांची... मी म्हणाले, "मामी, माझी लेक येणार आहे, तिला एक चाबी लागते." मामींनी चिंधी सोडवली, चाबी दिली. इतकंच विचारलं, "कधी येऊन राह्यली लेक?" म्हटलं, "येईल आठ-पंधरा दिवसांत." माझी लेक त्या वर्षी येणारच नव्हती.

पेरणीच्या ऐन धांदलीत पुन्हा नळ आला. सगळी गल्ली वावरात. मला गुडघ्यांमुळे वावर सुटलेलं, मी घरी होते. खिडकीतून पाहते तर मामी आपल्या घरातून बादली भरून आणताहेत, रेखाच्या बंद दारापाशी ठेवताहेत, वर ताट झाकताहेत. मग दुसरी बादली, दुसरं दार. आत जायला चाबी नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर पाणी! सत्तर पार केलेली बाई, कमरेत वाकलेली. मी बाहेर जायला हवं होतं. गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? संध्याकाळी रेखा चिखलानं भरलेल्या पायांनी आली, बादली पाहिली, तशीच मामींच्या घरात शिरली. मला इथपर्यंत ऐकू येत होतं. "मामी, चाबी ठेवा ही."

"नोको व. मी विसरतो आता."

"मंग विसरा! मी पोती फळ्यांवर ठेवीन. तुमी विसरल्या तं घर धुऊन निघीन, दुसरं काय?"

मामी खो-खो हसल्या. आठवडाभरात सगळ्या चाब्या परत देवळीत. फक्त आता कोणी ना कोणी घरी असलेली पोरगी मामींच्या मागून फिरून नळ बंद झालेत का ते बघायची, आणि मामी तिला "हवालदारीण" म्हणायच्या.

माझी चाबी मात्र गेली नाही. मी घरीच असते, मला कशाला लागतंय, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे परत द्यायची तर खोटं बोलले हे कबूल करावं लागलं असतं. मामी रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायच्या, लसूण सोलून द्यायच्या, आणि चार-आठ दिवसांनी एकदा विचारायच्या, "आली का व तुही लेक?" मी म्हणायचे, "नाही ना मामी, सुट्टीच मिळत नाही तिला." "हाव, नोकरीवाल्याईचं असंच असते," म्हणायच्या. त्या खरंच विचारायच्या, की मला चिमटा काढायच्या... दोन वर्षं मला कळलं नाही. आता कोणाला विचारू?

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मंगलानं देवळीतल्या चाब्या परातीत आणल्या. एकेकीनं आपल्या लुगड्याची चिंधी ओळखली आणि चाबी उचलली. रेखा तर चाबी मुठीत धरून हमसून रडली. परात रिकामी झाली. मी तशीच उभी. मंगला म्हणाली, "काकू, तुमची?" म्हटलं, "माझी माझ्याकडेच आहे गं." ती म्हणाली, "हाव, आई सांगे. म्हणे, कमळीले लाज वाटते, तिले काही म्हणू नोको. थेच आपल्या मनानं आणून देईन." म्हणजे ठाऊक होतं बाईला. सगळं ठाऊक होतं, आणि तरी माझा लसूण सोलत होती.

परवा मी जानेफळला बहिणीकडे निघाले. तसं काही काम नव्हतं. पेटीतली जास्तीची चाबी काढली, तिला निळ्या लुगड्याची चिंधी बांधली, आणि रेखाच्या घरी गेले. ती डबा भरत होती.

"काकू, तुमी तं कुठं जातच नाही!"

"जाऊन राह्यले. दोन दिवस. नळ आला तर पाहशील?"

"मी वावरात असली तं?"

"तर तुला वाटेल तिच्याकडे दे."

तिनं चाबी घेतली, चिंधीकडे पाहिलं आणि कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. नळ आला होता. "ड्रम भरला, टाकी भरली, नळ बंद केला. आन् काकू, ताकाचं पातेलं उघडंच टाकून गेल्या व तुमी!"

मी बहिणीला म्हटलं, थांब जरा, गुळाचा खडा दे तोंडात टाकायला... दीड महिन्यानं कोणीतरी रागावलं मला.