शंभर गाठींचा लिलाव

कापसाचं पीक बुडालं त्या वर्षांत राळेगावकडच्या निम्म्या जिनिंग बंद असायच्या. सरकी काढायची, गाठी बांधायची मशीन बंद, पण जिनिंगवाल्या शेठची कचेरी चालू. रोज संध्याकाळी तिथे आठ माणसं जमायची. शेठ स्वतः, आणखी काही जिनिंगवाले, एक वकील, एक कृषी केंद्रवाला. सगळे बापजाद्यांच्या खुर्चीवर बसलेले. उन्हाळ्यात टीव्हीवर शहरांच्या संघांची क्रिकेट स्पर्धा सुरू झाली की त्यांचा एक खेळ चालायचा. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला अकरा जणांचा कागदी संघ बनवायचा, आणि त्यासाठी लिलाव करायचा. बोली पैशांत नाही, गाठींत. प्रत्येकाला शंभर खोट्या गाठी.

"खऱ्या तर बांधून नाही राह्यलो, खोट्या तरी बांधू," असं शेठ म्हणायचे आणि सगळे हसायचे. मग स्पर्धाभर आपापल्या खेळाडूंच्या धावांचे आणि विकेटींचे गुण मोजत बसायचे.

मला त्या खेळाशी मतलब नव्हता, त्या खुर्चीशी होता. कोणती जिनिंग कधी उघडणार, कुणाकडे सरकी पडून आहे, हे त्या कचेरीत आधी कळायचं आणि बाजारात मागाहून. मी सरकीचा दलाल. पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि भागीदारीत का होईना, स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, तरी प्रत्येक बातमी मला शिळी मिळायची. माझ्या बापाला त्या कचेरीच्या पायरीवरसुद्धा कोणी बस म्हटलं नव्हतं.

अशाच एका वर्षी आठांपैकी एक जण कायमचा नागपूरला गेला. खुर्ची रिकामी झाली. मी विचारलं. माझ्या भागीदारानेही विचारलं, हे मला शेठकडूनच कळलं. शेठने हसत तोडगा काढला. "दोघंही संघ बनवा. ज्याचा वर येईन, थो बसन."

भागीदाराला फिरकी आणि वेगवान गोलंदाजीतला फरक कळत नव्हता. मी मनात म्हटलं, खुर्ची माझी.

मी रद्दीवाल्याकडून जुने पेपर उचलले आणि फक्त खेळाचं पान ठेवलं. ते आठही जण सरासरी बघून बोली लावतात हे मला ठाऊक होतं. सरासरी म्हणजे गाडीतला वरचा कापूस. तो सगळेच पांढरा लावतात. मी माल घेताना कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधला कापूस ओढून बघतो. खेळाडूंचंही तेच केलं. प्रत्येकाचा एकेक डाव वेगळा मांडला. एक नावाजलेला सलामीवीर होता, पेपरात रोज फोटो. त्याचे दोन मोठे डाव बाजूला काढले तर उरलेल्यांत काही जीव नव्हता. उलट सहाव्या क्रमांकावरचा एक जण कधी पन्नास करत नव्हता, पण वीस-पंचवीस चुकवत नव्हता, वर दोन षटकं टाकून एखादी विकेट घ्यायचा. सरासरीत तो कुठेच दिसत नव्हता.

सगळ्यात मोठी गोष्ट सापडली ती गोलंदाजांत. शेवटची षटकं टाकणारे मार खातात, म्हणून त्यांना कोणी मोठी बोली लावत नाही. पण शेवटी फलंदाज डोळे मिटून बॅट फिरवतात, आणि विकेटी या गोलंदाजांनाच मिळतात. आमच्या खेळात मार खाल्ल्याचा गुण कापला जात नव्हता. हे इतक्या वर्षांत त्या कचेरीत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी प्रत्येकाच्या पुढे लिहिलं, याला इतक्या गाठींपर्यंत जायचं, त्यापुढे एकही नाही. हे सगळं दुकानात बसून, भागीदारासमोर केलं. तो सरकीचे नमुने चावून बघत बसलेला असायचा. एकदा फक्त म्हणाला, "लय मेहनत घेऊन राह्यला बाप्पा."

लिलावाच्या दिवशी शेठने नाव पुकारलं. माझ्या यादीतला पहिलाच, शेवटची षटकं टाकणारा डावखुरा.

"हा?" मी म्हटलं. "हा तर मार खायसाठीच जन्मला. फुकट दिला तरी माह्या दारात नको. बरं, दोन गाठी."

"तीन," भागीदार म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मी चार म्हटलं, त्याने पाच. माझी हद्द संपली तिथे त्याने एक गाठ वर टाकून गोलंदाज उचलला. योगायोग असेल, असं मला वाटलं. मग सहाव्या क्रमांकावरचा माझा माणूस आला. मी म्हटलं, "याले खेळाडू कोण म्हणते? हा तर पाणी नेणारा." भागीदाराने पुन्हा हात वर केला. तिसऱ्यालाही तेच.

शेवटी वकिलांनी विचारलं, "काहो, तुम्हाले तर क्रिकेटमधलं काही समजत नाही. मग कायच्या भरवशावर बोलून राह्यले?"

"क्रिकेट नाही समजत वकीलसाहेब," भागीदार म्हणाला. "पण हा समजते. दहा वर्षं सोबत माल घेतला. हा ज्या मालाले शिव्या देते, थो माल एक नंबर राह्यते."

कचेरीत हशा पिकला. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्यात घ्यायच्या मालाला नावं ठेवणं हा श्वास घेण्यासारखा प्रकार आहे. चांगला म्हटलं की विकणारा चढतो. ते तोंडातून आपोआप निघतं, आणि ते त्यालाही तितकंच ठाऊक होतं, कारण त्याला ते मीच शिकवलं होतं.

मी डाव उलटवला. पुढच्या माझ्या गोलंदाजाला म्हटलं, "वा! हिरा आहे हिरा."

"दहा वर्षांत कोण्या मालाले चांगलं म्हणलं का यानं?" भागीदार शेठला म्हणाला. "लपवून राह्यला. सहा गाठी."

मग तो फोटोवाला सलामीवीर निघाला. मी त्याला भरपूर शिव्या घातल्या आणि बोली चढवत नेली, भागीदाराच्या गळ्यात मारायला. पंचवीस म्हणून मी थांबलो. तो माझ्याकडे नीट बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "हे शिवी थंडी हाये. याचं डोकं गरम नाही झालं. ठेव तुले."

सलामीवीर माझ्या गळ्यात पडला. तेव्हा मात्र डोकं गरम झालं. मी उठलो, त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेठ म्हणाले, "बसा हो, खेळ आहे." खेळ त्यांचा होता. त्यांना हरूनही त्याच खुर्चीवर बसायचं होतं.

स्पर्धा माझ्या आकड्यांप्रमाणे गेली. डावखुऱ्याने शेवटच्या षटकांत पोत्याने विकेटी काढल्या. सहाव्या क्रमांकावरचा कधी चुकला नाही. सलामीवीर मी म्हटलं होतं तसाच खेळला. भागीदाराचा संघ सगळ्यांच्या वर आला, माझा सगळ्यांच्या खाली. जे आठ जणांना कधी दिसलं नव्हतं ते मला दिसलं होतं, आणि ते एकाही सामन्यात खोटं पडलं नाही. खुर्ची त्याला मिळाली.

पहिल्याच आठवड्यात तो दुकानात आला. "केळापूरकडची जिनिंग उघडून राह्यली. सरकीचा सौदा आहे. म्या शेठले दोघांचं नाव सांगितलं."

"माझं काहून सांगितलं?"

"भागीदार आहो ना आपण."

"लिलावात होतो का?"

"अबे, माह्या जागी तू असता तर काय केलं असतं? सोडलं असतं मले?"

मी नसतं सोडलं. पण मी त्याच्या मेहनतीवर जिंकलो नसतो. "खुर्ची तुझी, तर मालही तुझाच," मी म्हटलं. तो एकटाच गेला. सौदा झाला, चांगला झाला. मी त्या हंगामात महागावच्या पलीकडून, दूरवरून, उरलीसुरली सरकी आणली.

आता दुकानाच्या मधोमध प्लायवूड आहे. पलीकडे तो, अलीकडे मी. लोक म्हणतात, एवढ्याशा खेळावरून कोणी भागीदारी मोडते काय. दर उन्हाळ्यात स्पर्धा जवळ आली की पलीकडची त्याची खुर्ची सरकत सरकत प्लायवूडला लागते. तो कान देऊन बसतो, मी पेपर वाचताना कोणाला नावं ठेवतो ते ऐकायला. मी आता मनातल्या मनात वाचतो.