तिसरा सामना आणि वाकळीतली सुई

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून वीसेक वर्षं बॅकला खेळलो आणि पोटासाठी लेथवर काम केलं. लिहिण्याशी माझा संबंध एवढाच, की घरात पत्र आलं की बायको मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकायचो. ती गेली त्याला हा दुसरा हिवाळा. इथंच गेली, अमेरिकेत, श्रूजबरीला, लेकीच्या घरी. चुकलंमाकलं सांगायला आता कोणी नाही, तेव्हा चुका असतील तशा वाचा.

ती गेली तेव्हा तिची वाकळ पुरी व्हायची राहिली होती. आमच्याकडं जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं धावदोरा मारतात, त्या पांघरुणाला वाकळ म्हणतात. नातीसाठी शिवत होती. सकाळी चहा झाल्यावर दोन ओळी घातल्या, "जरा पडते" म्हणाली, सुई कापडात टोचून ठेवली. ती पडली ती पडलीच. सुईत पिवळा दोरा होता, हातभर लोंबत राहिलेला.

एकदा लेकीनं ती वाकळ घडी करून कपाटात ठेवायला घेतली, तर मी असा ओरडलो की जावई वरच्या मजल्यावरची मीटिंग सोडून खाली आला. लेक रडली. मी माफीबिफी मागितली नाही. तेव्हापासून माझ्या खोलीतल्या खुर्चीवर ती वाकळ तशीच पडून. सुईला कुणी हात लावला नाही. मीही नाही. तिचा शेवटचा हात त्या सुईला लागलेला, तो पुसायचा कशाला?

आता उरुग्वेवाल्याचं सांगतो.

नात शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. माझ्यासारखीच बॅकला. शनिवारी सकाळी मी मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहायचो. इथले आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन बसतात आणि बॉल कुठंही गेला तरी "गुड जॉब" ओरडतात. मला त्याचा राग यायचा. असाच एकदा उभा होतो, तर मागून हाक आली, "बो!"

मी गर्रकन वळलो. आमच्याकडं माणूस भावा म्हणतो, पण नागपूरकडची माणसं भौ म्हणतात, आणि इथं तिकडची पुष्कळ आहेत. मला वाटलं त्यातलाच कोणी. म्हटलं, "काय भौ, कुठले तुम्ही?"

बघतो तर गोरा, टकल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा म्हातारा. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात लाकडी वाटी आणि तीत धातूची नळी. त्यातनं तो कसलातरी कडू पाला गरम पाण्यात घालून ओढत होता. मी त्याच्या समोर उभा राहून त्याचा खेळ अडवत होतो, म्हणून त्यानं मला हाक मारलेली. मराठीतलं तो काही बोलला नव्हता. नंतर नातीनं सांगितलं, उरुग्वेची माणसं एकमेकांना "बो" म्हणून हाक मारतात. म्हणजे अरे, ए गड्या, असं. पण तोवर मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून चुकलो होतो.

त्याचं इंग्लिश माझ्याहून बरं, म्हणजे वाईटच. चाळीस वर्षं या भागातली घरं रंगवली, तरी गडी स्पॅनिशमध्येच राहिला. त्याचा दुसरा शब्द "ता". झालं, बास, कळलं, ठीक, जाऊ दे, या सगळ्याला एकच, ता. हे दोन शब्द आणि गोल, एवढ्यावर आमचा सबंध हंगाम गेला.

आणि खेळ बघावा तर त्यानं. मी आयुष्यभर फुटबॉल खेळलो, पण असा बघणारा पाहिला नाही. सगळे बॉलकडं बघतात. हा बॉल नसलेल्या पोरीकडं बघायचा. बॉल उजवीकडं असताना हा डावीकडं बोट दाखवायचा, आणि दोन पासांनंतर गोल तिथूनच व्हायचा. माझ्या नातीकडं बोट करून एकदा म्हणाला, "शी लुक फर्स्ट. गुड." पळायच्या आधी बघते, असं. मी चार वर्षं तिला हेच सांगत होतो, तर ती म्हणायची, "आजोबा, प्लीज." त्यानं सांगितल्यावर मात्र लाजून हसली.

नात शाळेत स्पॅनिश शिकते. खेळ संपला की ती गुडघे पुसत आमच्यामध्ये गवतावर बसायची आणि त्याचं मला, माझं त्याला सांगायची. अशा तीन-चार शनिवारांत तुकड्यातुकड्यानं मला कळली ती गोष्ट त्यांच्या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची. आता ती केवढी मोठी झालीय. पण त्यानं पाहिली तेव्हा ती नवी होती. पहिल्या वर्षी नुसते सात संघ, सात देशांचे सात विजेते. पहिली दोन्ही वर्षं कप याच्याच क्लबानं नेला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या. तिसऱ्या वर्षी फायनलला समोर ब्राझीलचा संघ, पांढऱ्या कपड्यांतला. त्यांचा सगळ्यात भारी गडी दुखापतीनं बाहेर.

"तेव्हा गोल मोजत नव्हते," नात म्हणाली. "म्हणजे मोजायचे, पण ते मॅटर करायचे नाहीत. एक मॅच यांच्या घरी, एक त्यांच्या घरी. दोघं एक-एक जिंकले तर तिसरी मॅच. तिसऱ्याच देशात."

"मग? पाच गोलांनी जिंकला तरी एकच?"

तिनं विचारलं. तो म्हणाला, "ता."

हे मला फार आवडलं. खेळ जिंकलास ना? मग बास. वर वखवख नको.

पहिला सामना हे आपल्याच घरात हरले. दुसरा ब्राझीलमध्ये. याचं सगळं गाव रेडिओला कान लावून. तीन-दोननं हे पुढं होते आणि प्रेक्षकांतून काहीतरी आलं, ते पंचांना लागलं. खेळ थांबला.

"दगड?" मी विचारलं.

"बाटली, तो म्हणतो. किंवा स्टोन. त्याला शुअर नाही."

"सांग त्याला, आमच्यात एकदा नारळ आला होता. सोललेला."

ते ऐकून तो इतका हसला की पाल्याचं पाणी अंगावर सांडलं.

बऱ्याच वेळानं खेळ परत सुरू झाला. ब्राझीलवाल्यांनी गोल मारला, तीन-तीन. शिट्टी वाजली. बरोबरी, म्हणजे कप त्यांचा. ते मैदानभर नाचले. रेडिओवाला गप्प. हा घरी जाऊन उपाशी झोपला. आणि नंतर कळलं, रेफरीनं लिहून दिलंय की सामना थांबला तिथंच मी तो संपवला होता, तीन-दोनवर. पुढचा खेळ नुसता लोकांनी दंगा करू नये, शांतपणे घरी जावं, म्हणून खेळवला.

"सो तो गोल काउंटच झाला नाही," नात म्हणाली. "ते खेळत होते, पण मॅच ऑलरेडी ओव्हर होती. कुणाला सांगितलंच नव्हतं. क्रेझी, ना?"

मी उठलो आणि म्हटलं, घरी जाऊ.

दोन वर्षं मी काय करत होतो? सकाळी उठायचो, दाढी करायचो, लेक देईल ते खायचो, तळ्यापर्यंत चालून यायचो. लोकांनी दंगा करू नये म्हणून. माझा सामना त्या सकाळी ती सुई टोचली तिथंच संपलेला. हे कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या शनिवारी तो एक कागदाची पिशवी घेऊन आला. आत निशाण. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं, एका पलंगाएवढं, रंग उडालेलं. त्याच्या आईनं शिवलेलं. हेच घेऊन तो बोटीनं नदी ओलांडून पलीकडं अर्जेंटिनात गेला होता, तिसरा सामना बघायला. आता मधली शिवण हातभर उसवली होती.

"त्याची बायको म्हणते, सिक्स्टी इयर्स मी हे शिवतेय, आता या चिंधीला मी टच करणार नाही," नात हसत म्हणाली. मग जरा घुटमळली. "आजोबा, मी त्याला सांगितलं होतं की आजी शिवायची. आणि वाकळीतला थ्रेड यलो आहे ते पण. तो विचारतोय..."

"दुकानात दोरा मिळतो म्हणावं! घे जा!"

मी मोठ्यानं बोललो. खुर्च्यांवरचे आईबाप वळून बघायला लागले. नातीचा चेहरा पडला. म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं. त्यानं निशाणाची हळूहळू घडी घातली. "ता," म्हणाला. ती घडी त्यानं कोपऱ्याला कोपरा लावून घातली, आमची ही घालायची तशी. मला माझीच लाज वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिसऱ्या सामन्याचं काय झालं?"

त्यानं तीन बोटं वर केली, मग मूठ. तीन-शून्य, हरले. तो दुखापतीतला भारी गडी परत आला होता, त्यातले दोन त्याचेच. आणि काय गोल म्हणून सांगू! म्हातारा खुर्चीतून उठून पाय उडवून दाखवायला लागला. दुश्मनाचा गोल, आपल्या संघावर झालेला, आणि हा साठ वर्षांनी असा दाखवतोय जसा पोटच्या पोरानं मारला.

"रडला होतास का विचार."

दोघं बराच वेळ बोलले. नात शब्द शोधत होती. "तो म्हणतो, थोडा. पण दुसऱ्या मॅचमधला तो लास्ट गोल कुणाचाच नव्हता. खोटं खेळणं होतं. तिसऱ्यातले तिन्ही खरे होते. आमच्यावर झाले, पण खरे होते. म्हणून मी टाळ्या वाजवल्या."

आमच्या गावात हरलेल्या बाजूच्या माणसानं टाळ्या वाजवल्या असत्या तर त्याला गल्लीत येऊ दिलं नसतं. मीही दिलं नसतं. पण त्या दिवशी मी त्या माणसाकडं बघतच राहिलो. मग हात पुढं केला आणि पिशवी काढून घेतली.

दुपारी खोलीत खिडकीजवळ बसलो. वाकळ मांडीवर. सुई धरली, तर निघेना. दोन वर्षांत कापडात चिकटलेली, जरा गंज चढलेला. ओढली. टच्चकन निघाली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. कापडाला एक बारीक भोक राहिलं, बस.

दोरा तिनं शेवटच्या टाक्याला गाठ न मारता सोडलेला. मी बोटभर सोडून कापला, तिच्या टाक्याला गाठ मारली, आणि उरलेल्या दोऱ्यानं निशाण शिवायला लागलो. तिला शिवताना आयुष्यभर बघितलेलं, वाटलं सोपं असेल. अंगुस्तान बोटात बसेना, चार ठिकाणी सुई टोचून घेतली. चार बोटं शिवण राहिली आणि दोरा संपला. लेक दाराशी कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातलं दुसरं पिवळं रीळ आणलं, दात लावून दोरा तोडला आणि सुईत ओवून दिला. डोळ्यांमुळं मला ओवणं जमत नव्हतं.

"पप्पा," एवढंच म्हणाली.

"त्या दिवशी वाकळीवरून तुझ्यावर ओरडलो," म्हटलं.

"ओरडलात ते ओरडलातच. तुमचा आवाज तिकडं तुमच्या तालमीपर्यंत गेला असेल."

शनिवारी निशाण दिलं. म्हाताऱ्यानं चष्मा लावून शिवणीवरून बोट फिरवलं, दोन्ही टोकांना धरून जोरात ताणलं. मग नातीला काहीतरी म्हणाला. ती खो खो हसत सुटली.

"तो म्हणतो, तुमचे टाके वाईट बॅकसारखे आहेत. कुठंही धावलेत. बट नथिंग विल गेट पास्ट."

"सांग त्याला, मी खेळायचो पण तसाच."

आता रोज सकाळी चहानंतर मी वाकळीला एक ओळ घालतो. तिच्या ओळी पट्टीनं मारल्यासारख्या, आणि जिथं ते बारीक भोक आहे तिथून माझ्या सुरू होतात, नागमोडी. आंधळ्याला हात लावून कळेल कुठं कोण. काल नात शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आजोबा, ही लाइन वाकडी झालीय. उसवून परत घालायची?"

म्हटलं, "ता."

आणि पुढचा टाका घातला.