पंचमीला उकरलेली माती

आमच्या सासूबाईंनी जन्मभर पाळलेला एक नियम मी त्यांना मोडायला लावला. एवढं एक वाक्य लिहून मी दोनदा उठले. एकदा अंगणात जाऊन आभाळ बघून आले, एकदा तहान नसताना पाणी प्यायले. हल्ली मला एका जागी बसवतच नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी पायाला नाही, डोक्यात आहे, पण त्याला समजावत बसायलाही मला बसवत नाही.

नियम साधा होता. नागपंचमीला मातीला हात लावायचा नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपीसुद्धा नाही. मातीच्या पोटात नागोबा असतो, त्याला त्या दिवशी दुखवायचं नाही. घरातही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि तीच खायची. हे आमच्याकडे सगळेच पाळतात. आमच्या घरचं वेगळेपण एवढंच, की आमचा फुलांचा धंदा या दिवसाला टेकून उभा होता. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई झेंडूचं पहिलं रोप लावायच्या. तिथून दोन महिने आणि वर चार दिवस गेले की दसरा. झेंडू बरोबर तेवढ्या दिवसांत पहिल्या तोडणीला येतो. नाशिकच्या कडेला, जिथे कॉलन्या संपून मळे सुरू होतात, तिथल्या आमच्या सगळ्या वस्तीला हा हिशेब ठाऊक होता, तरी लोक कुंपणापाशी येऊन विचारायचे, "आजीनं लावला का?" लावला म्हटलं की मग आपापल्या मळ्यात जायचे.

मी या घरात आले ती मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून. वडील आधी कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, मग डिझेलवर ड्रायव्हर झाले. यार्डात सांडलेला कोळसा वेचून आणायचा आणि त्यावर आईने भात शिजवायचा, असं आमचं बालपण. वडील ड्युटीवरून आले की त्यांच्या शर्टाला डिझेलचा वास यायचा. आजही कुठे तो वास आला की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण खोटं कशाला बोलू?

लग्नानंतर मी शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त होईपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी वारे येतात, हे वाक्य मी इतक्या मुलांकडून पाठ करून घेतलंय की आता ती मुलं रस्त्यात भेटली तर माफी मागावीशी वाटते. निवृत्तीनंतर माझ्या हातात खडूऐवजी मोबाईल आला. त्यावर तासातासाचा अंदाज दिसतो, ढगांचे रंगीत नकाशे दिसतात. सकाळी चहाआधी मी ते बघते, मग चहानंतर बघते, मग बदललं का म्हणून बघते.

मागच्या वर्षी पहिल्यांदा घोडं अडलं. श्रावणातला पाऊस म्हणजे येऊन जाऊन असतो, ऊन पडतं, वापसा येतो, म्हणजे माती हाताळण्याइतकी सुकते. तसं काही झालंच नाही. आधी तीन आठवडे थेंब नाही, आणि मग महिन्याचा पाऊस चार दिवसांत. नेमकं पंचमीला सकाळी उघडलं. ऊन पडलं, वारं सुटलं, दुपारपर्यंत सऱ्यांमधली माती हातात भुरभुरायला लागली. मोबाईल सांगत होता की उद्यापासून पुन्हा मुसळधार. मी म्हटलं, "आई, आजच लावून टाकू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चुलीवर तवाच ठेवलाय जणू. "आज नाय. उद्या."

उद्या पाऊस आला आणि बारा दिवस मळ्यात पाय ठेवता आला नाही. ट्रेमधली रोपं उंच झाली, पिवळी पडली, मान टाकून बसली. लावली तेव्हा उशीर झालेला होता. दसऱ्याला झाडांवर नुसत्या हिरव्या कळ्या होत्या. त्या दिवशी नवऱ्याने बाजारातून झेंडू विकत आणला, आमच्या दाराच्या तोरणासाठी. झेंडू पिकवणाऱ्याच्या घरी विकतचा झेंडू! सासूबाईंनी सुई-दोरा घेतला आणि तोरण ओवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने लग्न होऊन आल्यापासून कधी विकतच्या फुलाला हात लावला नव्हता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. रागच जास्त.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागले. माझ्यातली शिक्षिका निवृत्त व्हायला तयारच नाही. मळ्याच्या वरच्या बांधावरून लांब वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. मी त्यांना बांधावर उभं करून शिकवलं. तिथे कोळसा जळतो. रस्त्यावर पेट्रोल, डिझेल जळतं. साऱ्या जगात हेच चाललंय, कधीपासून. त्यातून जो वायू निघतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण वर साचतो आणि गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. समुद्र तापतो. तापलेली हवा जास्त पाणी धरते, आणि धरलेलं सगळं एकदम सोडते. म्हणून पाऊस आता तुमच्या पंचमीला जुमानत नाही.

"आपल्याकडं पंखा लागत नव्हता," त्या म्हणाल्या. एवढंच त्यांच्या पदरात पडलं असं मला वाटलं. खरं तर त्यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. नाशिकला पंखा लागत नाही असं मीच मनमाडच्या मैत्रिणींना सांगून मिरवायचे. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही एसी घेतला. मार्चपासूनच घर तापत होतं, तळमळून झोप येईना, मीच हट्ट धरला. सासूबाई एकदाही त्या खोलीत झोपल्या नाहीत. त्यांना त्या थंडीत गुदमरायला होतं. म्हणजे चिमण्यांचं प्रवचन मी द्यायचं, आणि त्यांच्याच विजेवर गार हवेत झोपायचंही मीच.

यंदा पुन्हा तसंच जुळून आलं. पावसाची झड, मग पंचमीला उघडीप, वापसा, आणि उद्याचा अंदाज लाल रंगात. मी सकाळपासून घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत होते. चुलीवर दिंडं उकडत होती. मी म्हटलं, "आई, मागच्या वर्षीचं विसरलात का? पुन्हा विकतची फुलं आणायची?"

हे मी बोलायला नको होतं. नवरासुद्धा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." पण मी कसली थांबते! म्हटलं, जुना हिशेब जुन्या पावसासाठी होता, पाऊसच बदलला तर हिशेब धरून बसण्यात काय शहाणपण, आणि नागोबा काय आपलं वाईट चिंतणार आहे का. शेवटचं वाक्य तर अगदी लबाडीचं होतं. नागोबाचं मला काही पडलेलं नव्हतं. त्यांना पडलेलं होतं म्हणून मी ते वापरलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठल्या, वळचणीला खोचलेली खुरपी काढली आणि चालायला लागल्या. आम्ही रोपांचे ट्रे घेऊन मागे. पहिल्या सरीशी त्यांनी चप्पल काढली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "पाप लागलं तर मला लागू दे. माझ्या लेकरांना नको." मग वाकून खुरपी घातली. नवरा दुसऱ्या सरीवर बसायला गेला तर त्याला थांबवलं. अख्खी पहिली सरी त्यांनी एकट्यांनी उकरली, कंबर धरत, थांबत. ती संपल्यावर म्हणाल्या, "आता बसा. पहिल्या खुरपीचं लागतं, पुढच्याचं नाय लागत." असं कुठल्याही कहाणीत नाही. तो नियम त्यांनी तिथल्या तिथे बनवला, आमच्यासाठी. तेव्हा मला हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंदाजाप्रमाणे आभाळ फाटलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पावसाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. वस्तीतली निम्मी लागवड अडली, आमची रोपं मुळं धरून होती. शेंडे खुडले, फांद्या फुटल्या, नवरात्र बसलं तेव्हा दहा गुंठे नुसते पिवळे-केशरी झाले होते. लोक कुंपणापाशी येऊन बघून जायचे. सासूबाई फारशा बोलत नव्हत्या. मी मात्र दोघींच्या वाटचं बोलत होते.

तोडणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी धरली होती. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मोबाईलवर एक लहानसा ढग आणि खाली "हलका पाऊस" असं होतं. आला तो हलका नव्हता. दुपारी सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पडत राहिला. झेंडूचं फूल पाणी पिऊन जड होतं, देठातून वाकतं, आणि तसंच क्रेटमध्ये भरलं तर आतून काळं पडायला लागतं. उजाडल्यावर आम्ही भिजतच तोडणी केली. शेडमध्ये ताडपत्र्या अंथरल्या, फुलं पसरली, घरातले होते नव्हते तेवढे पंखे आणून लावले. तेवढ्यात वीज गेली.

शेजारच्या मळ्यातून नवऱ्याने डिझेलचा जनरेटर आणला. तो सुरू करायची दोरी मीच ओढली. हे काम मला या घरात सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. धूर शेडमध्ये शिरला आणि त्या गडबडीतही मला क्षणभर वडिलांची आठवण आली. मग लगेच आठवलं की जे जळून असा पाऊस येतो, त्यात भिजलेली फुलं मी तेच जाळून वाळवतेय. मी पंख्यांची तोंडं उगाच इकडची तिकडे केली. बसले नाही. बसले असते तर रडले असते.

दुपारपर्यंत फुलं वरून सुकल्यासारखी दिसायला लागली. व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला, त्याने एक फूल घेऊन मधोमध फाडलं आणि आम्हाला दाखवलं. आत तपकिरी चिखल होता. दुसरं फाडलं, तिसरं फाडलं. तो वाईट माणूस नव्हता, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. नवरा त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

शेडमध्ये आम्ही दोघी उरलो. सासूबाई ताडपत्रीच्या कडेला बसून एकेक फूल उलटवत होत्या, अजून उपयोग असल्यासारखं.

"पंचमीची माती ही," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"मी त्याचं घर उकरलं त्या दिवशी. त्यानं दिलं परत."

"आई, असं काही नसतं हो."

"मग कसं असतं? शाळेत शिकवायचीस ना तू. सांग."

मी सांगितलं. बांधावर दिलं होतं ते सगळं प्रवचन पुन्हा, पण या वेळी माझा आवाज वर चढत होता. मी जवळपास भांडत होते. म्हटलं, हा पाऊस तुमच्यामुळे आलेला नाही. कोळसा जाळणाऱ्यांनी आणलाय. अख्ख्या जगाने आणलाय. तुम्ही तर एसीच्या खोलीत पाऊलही टाकत नाही.

त्यांनी हातातलं फूल उलटवून ठेवलं. मग विचारलं, "अन् तो कोळसा येतो कुठून?"

"जमिनीतून. खाणीतून काढतात."

"उकरून?"

"उकरूनच. फार खोल."

"पंचमीला तरी थांबत असतील."

"नाही आई. एक दिवससुद्धा थांबत नाहीत."

त्यांचा फूल उलटवणारा हात थांबला. मला वाटलं, पटलं. एवढी धरणी रात्रंदिवस उकरली जातेय म्हटल्यावर एका म्हातारीच्या खुरपीचं ते काय? मला इतकं हलकं वाटलं, की मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, बघा, म्हणजे तुमच्याकडे याचा काडीचा दोष येत नाही.

"त्यांचं ते बघतील," सासूबाई म्हणाल्या. "माझं मी केलंय."

आणि पुन्हा फुलं उलटवायला लागल्या.

जनरेटर धडधडत होता. मी त्यांच्यासमोर ताडपत्रीवर बसले, त्या दिवसात पहिल्यांदाच. तुम्ही नाही केलंत, मी तुम्हाला करायला लावलं, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?"