सासूबाईंचा बुधवार

माझ्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, आयुष्यभर सुके मासे विकले. दर बुधवारी नाशिकला गोदाकाठच्या बाजारात सुकट, बोंबील, सोडे मांडून बसायच्या आणि अशा ओरडायच्या की पुलावरून जाणारा माणूस वळून बघायचा. माल घरातच, पलंगाखाली. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना पदर नाकाला लावूनच काढला. नंतर सवय झाली आणि खरं सांगते, चवही लागली.

दोन हजार तीन साली आम्ही सोसायटीत फ्लॅट घेतला आणि झाली पंचाईत. जिन्यात वास आला की शेजारणी धाडधाड दारं लावायच्या. कुणीतरी आमच्या ह्यांना, नवनाथला, टोमणा मारला. हे कचेरीत कारकून, मान जपणारे. तडकाफडकी आईला सांगून टाकलं, "बास झालं आता. बाजार बंद." त्यानंतर सासूबाई बुधवार उजाडला की नुसत्या गॅलरीत उभ्या राहायच्या. जेवणही कमी झालं. मला तर बघवत नव्हतं.

"आईला गोवा दाखवू, मन रमेल," हे म्हणाले. एप्रिलमध्ये गेलो. हणजूणचा किनाऱ्यावरचा बाजारही नेमका बुधवारचा! काय ती गर्दी, बाई! मण्यांच्या माळा, आरशांच्या पिशव्या, ढोल बडवणारे जटावाले गोरे. मी तर हरखूनच गेले. ह्यांचं आपलं आईच्या मागे टुमणं, "घे ना काहीतरी, आवडेल ते घे." त्यांचं एकच, "ह्यातलं मला काय करायचंय?"

आणि एकदम थांबल्या. नाक वर केलं. पदर खोचून अशा सुटल्या की आम्ही मागे धावतोय. बाजाराच्या टोकाला, माडाखाली, एक बाई सुके मासे घेऊन बसलेली. सासूबाईंनी न विचारता एक सोडा तोंडात टाकला. "मीठ लय झालंय गं." ती कोकणीत भांडली, ह्या मराठीत, आणि बघते तर थोड्या वेळाने दोघी एकाच गोणपाटावर बसून हसतायत! मग ती पाणी आणायला उठली. "मातशें पळय गो," म्हणाली. म्हणजे जरा लक्ष ठेव.

नुसतं लक्ष ठेवतील तर त्या सासूबाई कसल्या! ढीग नीट रचले आणि हाळी दिली, "या ओ ताई, बोंबील घ्या, सोडे घ्या, चांगला माल हाय!" किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. माझ्या अंगावर काटाच आला. हे लाजेने लाल. "आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू दे की. बघितल्याबिगर घेतील कसं?"

तेवढ्यात दोन शहरी पोरं समोर आली. एकाने नाक दाबून तोंड वाकडं केलं, दुसरा हसत फोटो काढायला लागला. आणि आमचे हे, आयुष्यात कुणाला अरे न म्हणालेले, भडकले ना!

"ए, नाक काय दाबतोस? माझी आई आहे ती. ह्याच मासळीवर शिकलोय मी!"

पोरांना मराठी कळली की नाही कुणास ठाऊक, पण सटकली. सासूबाई मुलाकडे बघतच राहिल्या. डोळे भरले होते, पण बाई पक्की बाजारातली.

"मग पुढच्या बुधवारी सोडशील का मला गोदाकाठी?"

बोल की रे बाबा, मी मनात म्हणतेय.

"लवकर आवरावं लागेल," हे पुटपुटले. "माझ्या ऑफिसच्या आधी."