शिक्क्याआधी घेतलेले नाव

तीन मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. शिधापत्रिकेवरून दिवंगत पत्नीचे नाव कमी करण्याच्या अर्जावर पौडच्या कचेरीत शिक्का पडला. ओल्या शाईचा वास आला. रांग, कारकून सारे विरघळले आणि मी विमानतळावरच्या पांढऱ्या उजेडात तिच्यामागे उभा होतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही परदेशी निघालो होतो. पासपोर्ट तपासणाऱ्याने तिला विचारले, "आजी, नवऱ्याचं नाव?"

"मागं उभं हायेत न्हवं, त्यांनाच इचारा."

"तुम्हीच सांगायचं. त्याशिवाय शिक्का नाही."

तिने पदर सावरला आणि चाळीस वर्षांत प्रथमच माझे नाव घेतले. ते धुक्यातून आल्यासारखे वाटले.

"मोठ्यानं बोल," मी म्हणालो. तिने ते पुन्हा उच्चारले. शिक्का पडला. मी तिला दरडावले, असे तेव्हा समजत होतो. खरे तर मला ते पुन्हा ऐकायचे होते.

कचेरीतून घरी येऊन शिधापत्रिका तिच्या पासपोर्टाशेजारी ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले.