चिंचेखालची जागा

धानोराकरांनो, सायबर कॅफेतून लिहून राह्यलो, पण जीव थाऱ्यावर नाही.

आपला आठवडी बाजार आज नव्या सिमेंटच्या ओट्यांवर गेला. मीही तिथेच बांगड्या मांडल्या. जेवायला निघालो, तर जुन्या जागी चिंचेखाली एक बाई मोहफुलांची टोपली घेऊन एकटीच बसलेली.

"बाई, बाजार तिकडं गेला. इथी काऊन बसली?"

"पोरगी येनार हाये भाऊ सासरहून. दर बाजाराले इथीच भेटते. तिले दुसरी जागा मालूम नाई."

संध्याकाळी दुकान आवरून परतताना पाहिलं, ती तिथेच होती. एकटी. टोपली तशीच भरलेली. पोरगी बहुतेक गर्दीमागं नव्या ओट्यांकडंच गेली असेल, मायला शोधत.

पुढच्या बाजाराला मी चिंचेखालीच बसणार. तुम्ही?

ओट्यांना नंबर टाकलेत म्हणे. मायलेकींनी भेटायचं कोणत्या नंबरवर?